भट्टीचा ताप मोजणारा कुंभार

२८ मे १७६८. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्सलेम गावी एका सदतीस वर्षांच्या कुंभाराला घरातच खुर्चीत बसवण्यात आले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर करवतीने कापण्यात आला. भूल हा प्रकार अजून जन्माला यायचा होता. इथरची पहिली जाहीर शस्त्रक्रिया बॉस्टनला झाली ती १८४६ मध्ये. जंतूंचा पत्ता नव्हता, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी हात धुण्याचाही प्रश्न नव्हता. अफूच्या अर्काचे थेंब एवढाच आधार. असे सांगतात, की पाय कापला जात असताना या माणसाने नजर दुसरीकडे वळवली नाही.

आमच्या सरकारी रुग्णालयात मधुमेहामुळे सडलेला पाय कापावा लागणारे रुग्ण नेहमी येतात. आज कमरेखालचा भाग बधिर करून, प्रतिजैविके देऊन आपण ही शस्त्रक्रिया करतो. तरीही आदल्या रात्री रुग्णाची जी अवस्था असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला अठराव्या शतकातल्या त्या खुर्चीची कल्पना करवत नाही. त्या काळी मांडीतून पाय कापलेल्यांपैकी कितीतरी जण पुढच्या काही दिवसांतच रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून जात. हा कुंभार वाचला. लाकडी पाय बसवून घेतला, आणि पुढे दरवर्षी ती तारीख एखाद्या संताच्या सणासारखी थट्टेने पाळू लागला. नसलेल्या पायात उठणाऱ्या वेदनांनी मात्र त्याला नंतरही छळले. मज्जासंस्थेचा हा विचित्र खेळ आजही आमच्या रुग्णांना समजावून सांगणे कठीण जाते.

त्याचे नाव जोसाया वेजवुड. फिकट निळ्या रंगावर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या असलेली त्याची भांडी अनेकांनी चित्रांतून पाहिली असतील. पण आज त्याच्याबद्दल लिहायचे कारण वेगळे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक कुंभारांनी जे साधले ते पुन्हा करून पाहण्याचा ध्यास या माणसाने घेतला. भट्टी त्याच्याएवढी कुणाला कळत नव्हती. तरीही ग्रीकांच्या भट्टीने त्याला दाद दिली नाही.

जोसायाचा जन्म १७३० चा. बर्सलेमच्या कुंभार घराण्यातले ते शेंडेफळ. त्याच्याआधी बरीच भावंडे. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. शाळा सुटली आणि घरच्याच कामात तो ओढला गेला. त्यानंतर थोड्याच काळात देवीची साथ आली. पोरगा वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

देवीने आंधळे झालेले किंवा तोंडभर व्रण असलेले लोक आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिले. पण लहान मुलांमध्ये हा विषाणू हाडांवर आणि सांध्यांवरही उतरत असे, हे आता डॉक्टरसुद्धा विसरत चालले आहेत. कोपर, मनगट, गुडघा सुजे. मूल वाचले तर सांधा आखडलेला किंवा वेडावाकडा वाढलेला राही. माझ्या वयाच्या लोकांच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल वण आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या दंडावर तो नाही, कारण त्यांना त्याची गरजच उरली नाही. जेनरने गायींच्या देवीच्या द्रवापासून पहिली लस टोचली ती १७९६ मध्ये. वेजवुडच्या मृत्यूनंतर एका वर्षाने.

कुंभाराच्या धंद्यात गुडघा म्हणजे अर्धा जीव. तिकडचे चाक पायाने ढकलून फिरवायचे असे. १७४४ मध्ये थोरल्या भावाकडे तो रीतसर उमेदवारीला लागला खरा, पण सतत पाय मारत चाकावर बसणे त्याला जमेना. मग माती कालवणे, साचे, रंग, झिलई अशा बाजूच्या कामांत तो शिरला. पुढे १८६३ मध्ये ग्लॅडस्टन या बड्या राजकारण्याने बर्सलेमला केलेल्या भाषणात असा सूर लावला, की देवीच्या रोगाने त्याचे शरीर अडवले म्हणूनच त्याचे मन आत वळले आणि तो संशोधक झाला. डॉक्टर म्हणून मला असली वाक्ये पटत नाहीत. त्याच साथीत गुडघे गमावलेली बर्सलेमची बाकीची पोरे कुठे गेली, हे कुणी सांगत नाही. जोसायाजवळ घरचा धंदा होता, भाऊ होते आणि विलक्षण चिकाटी होती.

१७५४ पासून पाच वर्षे त्याने टॉमस व्हील्डन या नाणावलेल्या कुंभाराबरोबर भागीदारी केली. त्या भागीदारीच्या शेवटी, १७५९ च्या फेब्रुवारीत, त्याने प्रयोगांची वही सुरू केली. त्याच वर्षी बर्सलेममध्ये स्वतःचे काम थाटले. ही वही हा त्याच्या आयुष्याचा कणा. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक. कोणती माती, किती भाग, कोणता क्षार, काय झाले ते नोंदलेले. घटकांची नावे सांकेतिक, कारण शेजारचे कुंभार टपलेलेच असत. भाजलेल्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर तोच क्रमांक कोरायचा, म्हणजे वही आणि तुकडा यांची गाठ पडे. असे हजारो तुकडे आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहेत.

त्यांतल्या काही तुकड्यांवर ‘टीटीबीओ’ अशी अक्षरे दिसतात. पहिल्या भाजणीच्या भट्टीच्या अगदी माथ्यावर ठेवा, असा त्याचा अर्थ. गावाकडे ज्यांनी आवा लावलेला पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही: एकाच आव्यात मधली मडकी पक्की निघतात, कडेची कच्ची राहतात. भट्टीत सगळीकडे सारखी उष्णता कधीच नसते. वेजवुडने ही अडचण न मानता तिचा उपयोग केला. भट्टीतली प्रत्येक जागा म्हणजे त्याच्यासाठी औषधाची वेगळी मात्रा होती.

१७६२ मध्ये लिव्हरपूलला जाताना वाटेत त्याचा तोच गुडघा पुन्हा दुखावला आणि तिथे त्याला मुक्काम ठोकावा लागला. उपचार करणारे डॉक्टर मॅथ्यू टर्नर यांनी रुग्णाची करमणूक व्हावी म्हणून आपल्या एका मित्राची गाठ घालून दिली. तो टॉमस बेंटली: व्यापारी, बहुश्रुत, ग्रीक-रोमन कलेचा जाणकार. दोघांची मैत्री अशी जमली, की पुढे बेंटली त्याचा भागीदार झाला. १७६४ मध्ये वेजवुडने नात्यातल्याच सारा वेजवुडशी लग्न केले. १७६५ मध्ये राणी शार्लटची मागणी आली आणि त्याची साईच्या रंगाची भांडी राणीच्या नावाने युरोपभर खपू लागली. १७६६ मध्ये त्याने खटपट करून मंजूर करवलेल्या ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ स्वतः मारली, कारण खडबडीत रस्त्यांवरून खेचरांच्या पाठीवर फुटून जाणारा माल त्याला परवडत नव्हता. ही सगळी यशाची कहाणी इतरत्र भरपूर सापडते; मी ती इथेच सोडतो.

आता ग्रीकांकडे येऊ. नेपल्समधला ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन याने इटलीतल्या प्राचीन थडग्यांतून निघालेल्या कुंभांचा मोठा संग्रह केला होता. १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या संग्रहाचे रंगीत चित्रांचे ग्रंथ छापले जाऊ लागले, आणि पुढे १७७२ मध्ये संग्रहच ब्रिटिश म्युझियमने घेतला. काचेसारखी तुकतुकीत काळी पार्श्वभूमी, तिच्यावर नारिंगी-तांबड्या माणसांच्या, देवांच्या, घोड्यांच्या आकृती. हे कुंभ इटलीत, एट्रुस्कन लोकांच्या भूमीत सापडले म्हणून ते एट्रुस्कनच असणार, अशी तेव्हा सर्वांची समजूत. प्रत्यक्षात त्यांतले बरेच अथेन्सच्या कुंभारवाड्यातून जहाजाने गेलेले, तर काही दक्षिण इटलीत वसलेल्या ग्रीकांनी बनवलेले. वेजवुड त्या चित्रांनी इतका झपाटला, की त्याने आपल्या नव्या कारखान्याला आणि वसाहतीला नाव दिले एट्रुरिया.

१३ जून १७६९ ला एट्रुरियाचे उद्घाटन झाले. पाय कापल्याला जेमतेम एक वर्ष होत होते. वेजवुड चाकापाशी बसला, बेंटलीने चाक फिरवले आणि लाकडी पायाच्या या कुंभाराने त्या दिवशी काळ्या मातीचे सहा कुंभ आपल्या हाताने घडवले. भट्टीतून त्यांतले चारच धड निघाले. त्यांच्यावर हॅमिल्टनच्या संग्रहातल्या, सोनेरी सफरचंदांच्या बागेतल्या हेराक्लीसच्या प्रसंगावरून आकृत्या रंगवल्या गेल्या आणि एट्रुरियाच्या कलांचा पुनर्जन्म होत आहे, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर घातला गेला.

आता गंमत पाहा. वेजवुडची काळी माती आतूनबाहेरून काळी होती. ती त्याने बॅसॉल्ट या दगडाच्या नावाने विकली. माती काळी करायला तिच्यात मँगनीज आणि लोहाची संयुगे मिसळलेली असत. या काळ्या कुंभावर तो तांबड्या मिन्याने आकृत्या रंगवी आणि मंद आचेवर पुन्हा भाजून पक्क्या करी. या रंगाचे त्याने १७६९ मध्ये पेटंट घेतले. आयुष्यात घेतलेले एकमेव. समोरून पाहिले तर ग्रीक कुंभ आणि हा कुंभ भावंडे वाटतात. पण काम अगदी उलटे. ग्रीक कुंभावर तांबडी आकृती रंगवलेलीच नसते. ती कुंभाची मूळ माती असते, आणि भोवतालचा काळा भाग रंगवलेला असतो. तो काळा ‘रंग’ही रंग नव्हेच. तीसुद्धा मातीच! जवळपास त्याच कुळातली, लोहयुक्त, पाण्यात कालवून, जाड कण तळाशी बसू देऊन वरचे अतिसूक्ष्म कण तेवढे काढून घेतलेली.

मग एकाच मातीचे दोन रंग कसे? ही सारी भट्टीची करामत, आणि ती तीन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात भट्टीची झरोकी, धुराडे उघडी. हवा खेळती. साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की मातीतल्या लोहाचे गेरूसारखे तांबडे ऑक्साइड बनते. कुंभ तांबडा, लेपही तांबडा. दुसऱ्या टप्प्यात ताप ९०० अंशांच्या वर नेऊन झरोके बंद करायचे आणि ओली लाकडे किंवा हिरवा पाला आत सारायचा. आत धूर कोंडतो, ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळ करणारी माणसे बेशुद्धावस्थेत आमच्याकडे येतात, ती याच वायूमुळे. रक्तात हा वायू हिमोग्लोबिनमधल्या लोहाला ऑक्सिजनच्या जागी चिकटून बसतो. भट्टीत तो लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. तांबडे ऑक्साइड काळे होते. कुंभ काळा, लेपही काळा. मात्र या टप्प्यात आणखी एक गोष्ट घडते. लेपातले अतिसूक्ष्म कण एकमेकांत वितळून काचेसारखा अभेद्य पापुद्रा बनतो. कुंभाची माती जाडसर, तिची छिद्रे उघडीच राहतात.

तिसऱ्या टप्प्यात झरोके पुन्हा उघडायचे आणि भट्टी निवू द्यायची. आत शिरलेली हवा सच्छिद्र मातीत मुरते आणि ती परत तांबडी होते. लेपाच्या काचेतून ऑक्सिजनला वाट मिळत नाही. तो काळाच राहतो. एका भाजणीत दोन रंग. झरोके जरा लवकर किंवा उशिरा उघडले, ताप जरा कमी-जास्त झाला, की काळ्या जागी तांबडे चट्टे उठतात किंवा सगळाच कुंभ राखाडी राहतो. मोठमोठ्या संग्रहालयांतल्या नामांकित कुंभांवरही असे चट्टे आढळतात: भट्टीत शेजारचा कुंभ टेकला, तिथे वायू पोचला नाही. भट्टीत भांडी फोडणाऱ्या खोडकर पिशाच्चांना ग्रीकांनी वेगवेगळी नावे दिली होती, यात मला तरी नवल वाटत नाही.

हवा कोंडून काळा रंग आणण्याची क्लृप्ती आपल्याकडेही जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी महापाषाणयुगीन दफनांत काळी-तांबडी भांडी सापडतात, तोंडाशी आणि आत काळी, खाली तांबडी. तिथे काळेपणा मुख्यतः काजळीचा, त्यामुळे काम सोपे. ग्रीकांनी खुद्द लोहालाच रंग बदलायला लावले.

वेजवुडला हे का सापडले नाही? माझा अंदाज असा. त्याच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालत. कोळशाचा धूर आणि गंधक लागून नाजूक भांडी खराब होऊ नयेत म्हणून ती आधी जाड मातीच्या डब्यांत ठेवून मग भट्टीत रचत. इंग्लंडमधले ते डबे म्हणजे सॅगर. धूर भांड्यापासून दूर ठेवणे हेच तिथल्या कुंभाराचे निम्मे कौशल्य. ग्रीकांची सगळी किमया तर धूर मोजून मापून आत घेण्यात होती. हजारो प्रयोग करणाऱ्या माणसाने घटक बदलले, प्रमाण बदलले, भट्टीतली जागा बदलली. भट्टीतली हवा बदलण्याचा विचार त्या धंद्याच्या सवयीत बसत नव्हता.

आणि चुटपुट लावणारी गोष्ट ही, की त्या हवेचा जाणकार त्याचा मित्रच होता. बर्मिंगहॅमच्या परिसरात पौर्णिमेच्या सुमारास जमणाऱ्या विद्वानांच्या मंडळात वेजवुडची ऊठबस होती. त्याचे डॉक्टर इरॅस्मस डार्विन त्यात, वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट त्यात, आणि पुढे जोसेफ प्रीस्टलीही त्यात आला. १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा काढला तो या प्रीस्टलीने. वेजवुड त्याला पैसे पुरवी आणि प्रयोगांसाठी मातीची नळकांडी, मुशी बनवून देई. ग्रीक काळ्याचे उत्तर त्या मित्राच्या बाटलीत होते. दोघांच्याही ध्यानी आले नाही.

दरम्यान वेजवुडने दुसरा डोंगर चढायला घेतला होता. वर म्हटलेली निळी-पांढरी भांडी हवी तशी उतरायला त्याला १७७० च्या दशकातली काही वर्षे आणि हजारो प्रयोग लागले. डर्बीशायरमध्ये मिळणारे एक जड पांढरे खनिज मातीत मिसळल्यावर गाडी रुळावर आली. ते खनिज म्हणजे बेरियम सल्फेट. अन्ननलिकेचा आणि जठराचा एक्स-रे काढायच्या आधी जो पांढरा घोट आम्ही रुग्णाला प्यायला देतो, तेच हे. अनेक वर्षे रुग्णांना ते पाजत आलो, पण त्याचे असे कुलीन नाते मला बऱ्याच उशिरा कळले.

आता त्या शोधाकडे वळू, ज्यासाठी त्याला १७८३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. भट्टी किती तापली आहे हे कुंभार रंगावरून ओळखत: गडद तांबडी, नारिंगी, पिवळी. म्हणजे आपल्याकडे आई पोराच्या कपाळाला हात लावून ताप ओळखते तसे. पाऱ्याचा थर्मामीटर भट्टीत टिकायचा नाही. पारा ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो. वेजवुडने मातीचाच थर्मामीटर केला. माती भाजली की आकसते, हे प्रत्येक कुंभाराला ठाऊक असते. त्याने एकाच मापाचे मातीचे छोटे नळकांडीवजा तुकडे केले. तुकडा भट्टीत ठेवायचा, बाहेर काढून निवू द्यायचा आणि दोन पितळी पट्ट्यांमधल्या हळूहळू निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकवायचा. जितका आकसला असेल तितका तो पुढे जाईल. पट्टीवर आकडे. १७८२ मध्ये त्याने हे उपकरण रॉयल सोसायटीपुढे मांडले.

वैद्यकात ही समज यायला अजून बराच अवकाश होता. वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदींचा ग्रंथ काढला तो १८६८ मध्ये. तोपर्यंत बहुतेक डॉक्टर हातानेच ताप पाहत. एका कुंभाराने आमच्या धंद्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी ठरवले होते, की ताप डोळ्यांनी आणि हातांनी नव्हे, आकड्यांनी सांगायचा.

आकडे मात्र चुकले, आणि थोडेथोडके नव्हे. आपल्या पट्टीवरचे अंश फॅरेनहाइटमध्ये बदलताना त्याने चांदीच्या प्रसरणाचा आधार घेतला आणि माती सगळ्या तापमानांत सारख्या प्रमाणात आकसते असे धरले. ती तशी आकसत नाही. कशाची माती, किती वेळ तापली, यावरही ते ठरते. परिणामी त्याच्या हिशेबात चांदी ४७१७ अंश फॅरेनहाइटला, म्हणजे सुमारे २६०० अंश सेल्सिअसला वितळत होती. प्रत्यक्षात ती ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. बिडाच्या लोखंडाचा वितळबिंदू निघाला १७,९७७ अंश फॅरेनहाइट. सेल्सिअसमध्ये जवळजवळ दहा हजार. सूर्याचा पृष्ठभागही याच्या निम्म्याच्या आसपास!

तरी ते उपकरण कित्येक वर्षे वापरात राहिले, आणि ते बरोबरच झाले असे मला वाटते. आकड्याला वैश्विक अर्थ नसला तरी आज भट्टी कालच्याएवढीच तापली का, हे तो सांगत होता. कुंभाराला तेवढे पुरे. शिवाय माती फक्त ताप मोजत नाही, तर किती ताप किती वेळ सोसला याची गोळाबेरीज मोजते. भांडे पिकते तेही त्या बेरजेवर. जर्मनीत झेगर याने १८८६ मध्ये काढलेले, ठरावीक उष्णतेला वाकणारे शंकू आजही भट्ट्यांत लावतात. त्यामागचा विचार हाच.

डॉक्टर म्हणून एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेजवुडच्या साईच्या रंगाच्या भांड्यांची तुकतुकीत झिलई शिशाची होती. शिशाच्या पाण्यात दिवसभर हात बुडवून भांडी काढणाऱ्या कामगारांना पोटात मुरडा येई, मनगटे लुळी पडत, काहींना झटके येत. वैद्यकाला शिशाचे विष ठाऊक नव्हते असे नाही. डेव्हनशायरच्या लोकांची पोटशूळ सायडर दारूत उतरणाऱ्या शिशामुळे होते, हे जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्येच दाखवले होते. दुसरा शत्रू गारगोटीची धूळ. माती पांढरी व्हावी म्हणून भाजलेली गारगोटी दळून मिसळत. ती धूळ फुप्फुसांत बसून माणूस दम लागून मरे. ती पाण्यात दळण्याची युक्ती १७२६ मध्ये पेटंट झाली होती, पण सुकलेल्या मातीची पूड कामाच्या खोल्यांत उडतच राही.

वेजवुडने आजारी कामगारांसाठी वर्गणीचा निधी उभारला होता, राहायला घरे बांधली होती; त्याच्या काळात हे मोठेच. त्याच्या कारखान्यात लहान मुलेही कामाला होती, आणि ते त्या काळात कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. शिशाची विषबाधा सरकारला कळवणे ब्रिटनमध्ये बंधनकारक झाले ते १८९५ मध्ये, त्याच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. ग्रीकांच्या त्या काळ्या चकाकीत शिसे नावालाही नव्हते. नुसती माती, पाणी आणि हवा. वेजवुडला तिचे गुपित उलगडले असते तर शिशाची झिलई बंद झाली असती, असे मी म्हणणार नाही. पांढरी भांडी पाहिजे असणाऱ्या गिऱ्हाइकाला काळी झिलई कशाला? पण हा विचार मनातून जात नाही.

१७८७ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठी एक छोटे पदक बनवले. साखळदंडांनी बांधलेला, गुडघे टेकलेला आफ्रिकी माणूस, आणि मीही माणूस आणि तुमचा भाऊ नव्हे का, अशा आशयाचा प्रश्न. अशी पदके त्याने मोठ्या संख्येने वाटली. बायका ती गळ्यात, केसांत घालू लागल्या, अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडेही काही गेली. त्याच्या चहाच्या भांड्यांचा खप ज्या साखरेमुळे वाढला ती साखर गुलामांच्या मळ्यांतून येत होती, हे खरे. पदक खोटे ठरते असे मला त्यामुळे वाटत नाही.

१७८० मध्ये बेंटली गेला आणि वेजवुडचा उजवा हात गेल्यासारखे झाले. शेवटचे मोठे वेड होते ते पोर्टलंड कलशाचे: काळसर निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचे कोरीव काम असलेला रोमन काळातला कलश. त्याची मातीतली हुबेहूब प्रतिकृती करायला त्याला जवळजवळ चार वर्षे लागली. फोड, भेगा, रंगाचा फरक यांतून वाट काढत १७८९ मध्ये मनासारखी एक प्रत उतरली. ३ जानेवारी १७९५ ला तो एट्रुरियातल्या आपल्या घरी वारला. जबड्याचा कर्करोग असावा, असे मानले जाते. मुलगा टॉम याने रौप्यक्षारांवर प्रकाशाने चित्रे उमटवण्याचे, म्हणजे छायाचित्रणाच्या आधीचे प्रयोग केले. थोरल्या मुलीचे लग्न इरॅस्मस डार्विनच्या डॉक्टर मुलाशी झाले आणि त्या दोघांचा मुलगा चार्ल्स डार्विन. आजोबांची गाठ नातवाशी कधी पडली नाही.

ग्रीक काळ्याचे कोडे टेओडोर शूमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने सोडवले आणि १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या जोसेफ नोबल यांनी ग्रीक भूमीतली माती घेऊन, तीन टप्प्यांची भाजणी करून तसेच काळे-तांबडे नमुने काढून दाखवले. पण त्या भाजण्या आधुनिक साधनांनी झालेल्या. लाकडाच्या भट्टीत, पायरोमीटरशिवाय, ग्रीक माणसाने हे कसे सांभाळले, हा प्रश्न उरलाच. म्हणून पुरातत्त्वज्ञ आता तशा भट्ट्याच बांधून पेटवतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात एलेनी हसाकी यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अशी भट्टी उभारली: गोल, घुमटाची, खाली जाळ, मध्ये भोके असलेली फरशी, तिच्यावर भांडी, पुढे सरपण सारायला बोगदा. आकाराला आधार उत्खननांत सापडलेल्या भट्ट्यांचा आणि कॉरिंथजवळ पेंटेस्कूफिया इथे १८७९ मध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांचा. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या या पाट्यांवर कुंभारांनी आपल्या भट्ट्या रंगवून ठेवल्या आहेत. कुणी सरपण सारतो आहे, कुणी वर चढून धुराडे सांभाळतो आहे.

भट्टीच्या पोटाला एक डोकावण्याचे भोक असते. अथेन्सच्या कुंभारवाड्यात उत्खननात फुटक्या भांड्यांचे असे तुकडे मिळाले आहेत, ज्यांच्यावर लेपाचे फराटे आहेत आणि मध्ये एक छिद्र आहे. भाजणी चालू असताना सळईने त्या छिद्राला धरून तुकडा बाहेर ओढायचा, रंग आणि चकाकी पाहायची, आणि मग झरोके उघडायचे की आणखी थांबायचे ते ठरवायचे. तापलेल्या भट्टीतून मातीचा तुकडा काढून तिचा ताप वाचणारा पहिला माणूस वेजवुड नव्हता.